टूरिंग बाईकचा मागचा टायर दरवेळी लवकर संपतो: झीज बघून कारण शोधा, मग टायर निवडा

पुढचा टायर अजून धडधाकट आहे, पण मागचा मधोमध गोटा झालाय. नवीन टाकला तरी काही हजार किलोमीटरांत तीच गत. मग प्रश्न येतो, "जास्त टिकणारा टायर कोणता?" याचं उत्तर देता येतं, पण ते दुसऱ्या नंबरचं. आधी जुना टायर कशामुळे गेला ते शोधायचं. ते न शोधता महागाचा, कडक रबराचा टायर टाकला तर तोही त्याच पद्धतीने जातो, फक्त खिशाला जास्त कात्री लावून.

मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजणारच. इंजिनाचा जोर तोच रस्त्यावर उतरवतो, आणि डबलसीट व सामानाचं बहुतेक वजन त्याच्यावर असतं. पुढच्या एका टायरच्या आयुष्यात मागचे दीड-दोन लागले तर ते नेहमीचंच आहे. तीन लागत असतील तर गडबड आहे.

जुना टायर फेकून देऊ नका, आधी वाचा

टायर डेप्थ गेज घ्या. साधं प्लास्टिकचंही चालतं. टायरच्या घेरावर चार ठिकाणी खडूने खूण करा आणि प्रत्येक ठिकाणी तीन मापं घ्या: मधोमध, डावा खांदा (डावीकडची कलती कड), उजवा खांदा. ही बारा मापं कारण जवळजवळ सांगून टाकतात.

मधला पट्टा सपाट आणि खांद्यावर नक्षी शाबूत असेल तर झीज सरळ रस्त्याची आहे. हायवेवर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी न कलवता चालवली की टायर चौकोनी होतो. ही झीज पूर्ण टाळता येत नाही, पण तिचा वेग कमी करता येतो. मुंबई-गोवा महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर पाण्यासाठी खाचा पाडलेल्या असतात, पृष्ठभाग खरबरीत असतो. तिथे मधला पट्टा डांबरी रस्त्यापेक्षा लवकर जातो. वेगाचा परिणामही मोठा आहे. ८५-९० वर शांतपणे जाणारा आणि ११०-१२० धरून ठेवणारा, दोघांची गाडी, टायर, सामान सगळं सारखं असलं तरी दुसऱ्याचा टायर बराच आधी संपेल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड देणारा जोर मागच्या टायरच्या त्या तळहाताएवढ्या पट्ट्यातूनच जातो.

मधला पट्टा अगदी अरुंद, दोन बोटांइतकाच झिजला असेल तर हवा जास्त भरली जातेय, किंवा रिमला न पेलणारा रुंद टायर बसवलाय. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

झीज रुंद आहे, खांद्यांपर्यंत पसरली आहे, नक्षीच्या कडांना रबराची बारीक साल निघाल्यासारखी दिसते, बाजूची भिंत हाताला गरम लागते: हवा कमी. टायर लवकर संपण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि सगळ्यात सहज सुटणारंही.

एकाच बाजूचा खांदा झिजला असेल तर लगेच चाक वाकडं आहे असं ठरवू नका. आपल्याकडे रस्ता डावीकडे उतरता असतो आणि गाडी सरळ उभी असते, त्यामुळे टायर थोडासा उजव्या अंगावर चालतो. शिवाय डावीकडून चालताना उजवी वळणं मोठ्या घेराची आणि जास्त लांब पडतात. म्हणून उजव्या बाजूला थोडी जास्त झीज आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसते. डावी-उजवीत अर्धा मिलिमीटर फरक सोडून द्या. एक मिलिमीटरच्या वर गेला तर चाकाची रेषा तपासा. डावा खांदा जास्त गेला असेल तर नक्कीच तपासा.

घेरावर हात फिरवल्यावर खड्डा-उंचवटा-खड्डा असं लागलं तर मागचा शॉक दमला आहे, किंवा रिम आऊट आहे (फिरताना डगमगते), किंवा बेअरिंग गेलंय. आणि एकाच ठिकाणी चपटा डाग असेल तर कधीतरी मागचा ब्रेक लॉक होऊन चाक फरफटलं आहे. एबीएस नसलेल्या किंवा मागचा एबीएस बंद ठेवलेल्या गाडीत हे जास्त दिसतं.

हवा

कंपनीने दिलेला आकडा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेनकव्हरवर चिकटवलेला असतो, मॅन्युअलमध्येही असतो. त्यात एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा असतो. टूरला जाताना एकटे असलात तरी दोन पॅनियर (बाजूच्या पेट्या) आणि वरची पेटी भरली असेल तर डबलसीटचाच आकडा धरा. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो. रोजच्या वापरासाठी तो नाही.

हवा थंड टायरमध्ये मोजायची. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, उन्हात नाही. पेट्रोल पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो, आणि पंपावरच्या गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक असणं अजिबात नवल नाही. स्वतःचं गेज आणि छोटा १२ व्होल्टचा किंवा पायाचा पंप जवळ ठेवणं हा टायरचं आयुष्य वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. नायट्रोजन भरा किंवा साधी हवा भरा, फरक किरकोळ. आठवड्यातून एकदा मोजणं महत्त्वाचं.

तापमान दहा अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. नाशिकला जानेवारीच्या पहाटे १० अंशांना ३२ भरले आणि दुपारी ३५ अंशांच्या सोलापुरात गाडी सावलीत उभी केली, तर गेज ३६ च्या आसपास दाखवेल. यात चुकीचं काही नाही. तापलेल्या टायरमधून हवा सोडून ३२ करायची नाही. तसं केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर २८ वर असेल आणि तुम्ही त्यावर दिवसभर हायवे मारणार.

आकडा बरोबर आहे का हे तपासायची एक चांगली पद्धत आहे. सकाळी थंड दाब लिहून ठेवा. तासभर हायवेला नेहमीच्या वेगाने चालवा, थांबल्याबरोबर पुन्हा मोजा. वाढ साधारण दहा टक्के असावी, म्हणजे ३२ चे ३५-३६. वाढ १५ टक्क्यांच्या पुढे गेली, ३२ चे ३७-३८ झाले, तर टायर जास्त वाकतोय आणि तापतोय. थंड दाब दोन पीएसआयने वाढवा किंवा सामान कमी करा. वाढ फारच कमी, एक-दोन पीएसआय असेल तर हवा गरजेपेक्षा जास्त आहे. ही चाचणी डांबरी रस्त्यावर, पाऊस नसताना करा. ओल्या रस्त्यावर टायर तापत नाही.

लडाखला जाणाऱ्यांसाठी हे वेगळं सांगायला हवं. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाच पीएसआयने कमी असतो, म्हणून तेवढ्याच हवेला गेज जास्त आकडा दाखवतं. थंडी त्यातलं काही परत घेते. तिथे सकाळी मोजून मॅन्युअलच्या आकड्यावर आणणं योग्यच आहे. खराब रस्त्यासाठी आणखी तीन-चार पीएसआय कमी केले तरी ठीक. घात होतो परतीच्या वाटेवर. तीच कमी केलेली हवा घेऊन गाडी मैदानात उतरते, बाहेरचा दाब वाढल्यामुळे टायर आणखी मऊ होतो, आणि पुढे चंदीगड-दिल्ली-जयपूर असा गरम हायवे पूर्ण सामानासह शंभरच्या वेगाने होतो. टूरच्या शेवटच्या दोन दिवसांत टायर "अचानक" संपतो तो यामुळे. डोंगर उतरलात की पहिलं काम हवा भरणं.

वजन

रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ चं उदाहरण घेऊ. बीएस६ गाडी १९९ किलो. त्यातले निम्मे, शंभरेक किलो, मागच्या चाकावर. चालवणारा जॅकेट-हेल्मेटसह ८० किलो, त्यातले पन्नासेक मागे. मागे बसणारी व्यक्ती ६० किलो, जवळजवळ सगळं मागे. सामान ३५ किलो, तेही मागे. बेरीज २४५ च्या घरात. या गाडीचा मागचा टायर १२०/९०-१७ मापाचा (रुंदी १२० मिमी, उंची तिच्या ९० टक्के, रिम १७ इंच). त्यावर ६४ एस छापलेलं असेल तर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ६४ म्हणजे २८० किलो. म्हणजे वजन मर्यादेत आहे, पण फार मोकळीक नाही. शिवाय हे २८० किलो टायरच्या कमाल दाबाला दिलेले असतात. हवा २६-२८ वर असेल तर तीच क्षमता बरीच खाली येते आणि तुम्ही काठावर असता.

एक्सलच्या मागे टांगलेलं वजन त्याच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं. या गाडीचा व्हीलबेस (दोन्ही एक्सलमधलं अंतर) १४६५ मिमी. २० किलोची पेटी एक्सलच्या २० सेंटिमीटर मागे असेल तर मागच्या चाकावर जवळपास २२.७ किलो येतात आणि पुढचं चाक २.७ किलोंनी हलकं होतं. म्हणून जड वस्तू, म्हणजे हत्यारं, स्पेअर ट्यूब, पाणी, पॅनियरमध्ये खाली आणि पुढच्या कोपऱ्यात ठेवा. वरच्या पेटीत कपडे.

शॉकचं प्रीलोडही (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) वजनाप्रमाणे वाढवायचं. या गाडीत मागच्या चाकाला १८० मिमी प्रवास (वर-खाली हालचाल) आहे. गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक लोंबकळत असताना एक्सलपासून सीटखालच्या एखाद्या पक्क्या बिंदूपर्यंत माप घ्या. मग पूर्ण सामान चढवून, दोघांनी बसून पुन्हा घ्या. फरक एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळ, म्हणजे ५५-६० मिमी असावा. ८० च्या पुढे जात असेल तर प्रीलोड वाढवा. प्रीलोड शेवटच्या पायरीवर नेऊनही भागत नसेल तर सामान जास्त आहे किंवा स्प्रिंग बसली आहे. सीट दाबून सोडल्यावर गाडी एकदाच वर येऊन स्थिरावायला हवी. दोन-तीन झोके घेत असेल तर शॉकमधलं तेल गेलंय, आणि खड्डा-उंचवट्याची झीज तिथूनच येते.

चाकाची रेषा

चेन ताणताना दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखे फिरवले जात नाहीत, हे फार वेळा घडतं. स्विंगआर्मवरच्या खुणांवर पूर्ण विश्वास ठेवू नका. दोरीने तपासा. एक लांब दोरी मागच्या टायरच्या मागच्या बाजूने, जमिनीपासून शक्य तितकी वर पण स्टँडला न अडकेल अशी घ्या. तिची दोन्ही टोकं टायरला दोन्ही बाजूंनी स्पर्श करत पुढच्या चाकापर्यंत ताणा आणि दोन स्टूलांना बांधा. दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेलाही जेमतेम टेकली पाहिजे. हँडल सरळ ठेवा. आता पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोरीपर्यंतची फट मोजा. हिमालयनमध्ये मागे १२० आणि पुढे ९० मिमी, म्हणून दोन्ही बाजूंना साधारण १५ मिमी फट हवी. एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला २० आलं तर मागचं चाक तिरकं बसलंय. अॅडजस्टर एक चतुर्थांश फेरा फिरवून पुन्हा मोजा. शेवटी एक्सल नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि चेनचा ढिलेपणा पुन्हा बघा. नट आवळताना चाक सरकतं.

स्पोकच्या चाकात प्रत्येक स्पोकवर छोटा पाना वाजवून बघा. सारखा टणक आवाज हवा, 'थप्प' असा आला तर तो ढिला. रिम फिरवून दोन मिलिमीटरपेक्षा जास्त आऊट दिसला तर आऊट काढणाऱ्या चांगल्या माणसाकडे द्या. टायर बदलायला चाक उघडलेलंच असतं, ते काम तेव्हाच करून घ्या.

आता टायर निवडायचा

पहिली अट, माप कंपनीचंच. हिमालयन ४११ ला १२०/९०-१७, इंटरसेप्टर ६५० ला १३०/७०-१८, मीटिओर ३५० ला १४०/७०-१७, डॉमिनार ४०० ला १५०/६०-१७. "रुंद टायर जास्त टिकतो" हा समज टूरिंगवाल्यांना सगळ्यात महागात पडतो. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा उंच आणि गोल होतो, आणि रस्त्याला लागणारा पट्टा उलट अरुंद होतो. मधला भाग आधी संपतो. उंचीही बदलते. १२०/९०-१७ चा व्यास सुमारे ६४८ मिमी, १४०/७०-१७ चा ६२८. या तीन टक्क्यांच्या फरकाने एबीएस आणि ओडोमीटरचा हिशोब सरकतो, टायर दर किलोमीटरला जास्त फेरे मारतो, आणि चेनकव्हरला घासण्याची शक्यता वेगळीच.

लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. एक-दोन पायऱ्या जास्त मिळाला तर टूरिंगला बरंच: ६६ म्हणजे ३०० किलो, ६९ म्हणजे ३२५. वेगाचं अक्षरही मूळपेक्षा खालचं नको: पी १५०, एस १८०, एच २१० किमी प्रतितास.

नंतर नक्षी. बटणं (नक्षीतले रबराचे ठोकळे) जितकी मोठी आणि त्यांमधली जागा जितकी जास्त, तितका टायर डांबरावर लवकर झिजतो. प्रत्येक बटण वाकतं आणि घासतं. वर्षातून एकदा कच्च्या रस्त्यावर जाऊन बाकी वेळ हायवे करणाऱ्याने बटण टायर घेऊ नये. १२०/९०-१७ मध्ये पिरेली एमटी ६० किंवा सिएट ग्रिप एक्सएल हे दोन्हीकडे चालणारे पर्याय. मेट्झेलर टूरन्स रस्त्याकडे झुकलेला आहे, मधोमध रबर जास्त सलग, म्हणून लांबच्या पक्क्या रस्त्याला तो जास्त योग्य. या मापात निवड मर्यादित आहे, हे मान्य करूनच चालावं लागतं.

१७ इंची रेडिअलवाल्यांना निवड मोठी. रेडिअल टायर (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत आडवे) कमी तापतो, पट्टा सपाट राहतो, म्हणून त्याच वजनाला सहसा जास्त चालतो. पण गाडीला बायस टायर (आतले धागे तिरके) असतील तर फक्त मागे रेडिअल टाकू नका. जोडी कंपनीने मंजूर केलेलीच ठेवा. स्पोर्ट टूरिंग प्रकारात मधोमध कडक आणि खांद्यांना मऊ असं दुहेरी रबर मिळतं. सरळ हायवेला मधला भाग टिकतो आणि घाटात खांदा धरतो. मिशेलिन रोड, पिरेली एंजल जीटी, अपोलोच्या मालकीच्या व्हरेडेस्टाईनचा सेंटॉरो एसटी ही या वर्गातली नावं. मात्र मोठ्या गाड्यांच्या मापात दुहेरी रबर असलेल्या मालिकेत तुमच्या १५०/६० मापाला एकेरी रबर असू शकतं. नाव बघून पैसे देऊ नका, त्या मापाची माहिती विचारा.

फक्त टिकाऊपणाच्या मागे लागून दगडासारखा कडक टायर मात्र घेऊ नका. जुलैत आंबोली किंवा ताम्हिणीत शेवाळलेल्या वळणावर त्या रबराला पकड नसते. पावसाळ्यात कोकण करणाऱ्याने चार हजार किलोमीटर कमी मिळाले तरी सिलिका असलेला, ओल्याला धरणारा टायर घ्यावा. हा सौदा फायद्याचाच आहे. रिमोल्ड केलेला (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर टूरिंगला कधीही नको.

विकत घेताना भिंतीवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दोन वर्षांपेक्षा जुना माल "नवीन" म्हणून घेऊ नका. रबर दुकानातही कडक होतं.

बसवताना

बाणाची दिशा चाक फिरण्याच्या दिशेने. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूब आणि रिम टेप नवीनच. जुनी ट्यूब ताणलेली असते, घडी पडून पंक्चर होते. चाक बॅलन्स करून घ्या. पहिले १५०-२०० किलोमीटर जोरात वेग, ब्रेक आणि कलणं टाळा, नव्या रबराचा वरचा थर घसरडा असतो.

मग हिशोब ठेवा. नवीन असतानाची खोली लिहा, समजा ८ मिमी. ४००० किमीला ६ मिमी उरली तर हजार किलोमीटरला अर्धा मिमी गेला. दीड मिमीवर टायर काढायचा ठरवला तर एकूण १३,००० किमी मिळतील. दुचाकीसाठी कायदेशीर किमान खोली ०.८ मिमी आहे, खाचेतल्या खुणांच्या उंचीवर रबर आलं की ती गाठली. पण पावसात दीड-दोनच्या खाली चालवू नका. नव्या टायरचा झिजण्याचा वेग आधीच्या टायरपेक्षा जास्त निघाला, तर हवा, वजन आणि रेषा या क्रमाने पुन्हा तपासा.

लांबच्या टूरआधी गणित उलटं मांडा. ५००० किमीची टूर, झीज हजाराला अर्धा मिमी, म्हणजे अडीच मिमी जाणार. वर दोन मिमी राखीव. मधोमध साडेचार मिमी नसेल तर टायर घरीच बदला आणि काढलेला ठेवून द्या. परत आल्यावर गावातल्या गावात, कोरड्या दिवसांत, तो उरलेला वापरता येतो. स्पिती किंवा लडाखच्या वाटेवर तुमच्या मापाचा टायर मिळेल याची खात्री नाही, आणि मिळाला तर जो असेल तोच घ्यावा लागतो.